झुवेनाचा उजवा डोळा

ही हकीकत सांगायची परवानगी मी झुवेनाकडून घेतली आहे. मी लेखी मागितली होती, तिने तोंडी दिली, आणि देताना माझ्याकडे असं पाहिलं की मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. जमीन-नोंदणी कार्यालयाच्या दप्तरखान्यात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. अर्ध्या झांझिबारात कुठली शांबा, म्हणजे वाडी, कुणाच्या नावावर आहे आणि कोण उगाच तिथले नारळ काढतोय, हे सगळं माझ्या कपाटांत होतं, पण त्यातला एक कागद कधी माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. ‘हारूब म्हणजे कुलूप,’ असं आमचे साहेब म्हणत. मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तर तो शुक्रवार होता. नमाज झाली होती, पिलाव खाऊन झाला होता, आणि मी पायरीवर बसून कान कोरत होतो. समोर झुवेना कोफिया घेऊन बसली होती. ही कोफिया म्हणजे पांढरी टोपी, पण तिच्यावर मोहरीएवढी भोकं दोऱ्याने बांधून नक्षी काढायची असते. भोकं हजारांनी. एका टोपीला चार महिने लागतात. आमच्या न्गाम्बो भागात नवरामुलगा झुवेनाच्या हातची कोफिया न घालता निकाहाला बसला, तर मुलीकडचे लोक आपसांत कुजबुजतात. ही टोपी तर साक्षात शेहांच्या मुलाची होती. शेहा म्हणजे आमच्या वॉर्डाचे सरकारी कारभारी. त्यांच्या शिक्क्यावाचून आमच्याकडे माणसाला जन्मता येत नाही, आणि मेला तर पुरता येत नाही.

झुवेनाने सुई खाली ठेवली. ‘साल्हाचे बाबा,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.’

मी कान कोरायचा थांबलो.

‘उजव्या डोळ्याने नुसतं धुकं दिसतं. सात-आठ महिने झाले. आता डावाही त्याच वाटेला लागलाय. ही टोपी मी बोटांनी करतेय.’

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा ‘अरे देवा’ म्हणालो असेन, मी तेवढंच म्हणतो. ती म्हणाली, ‘कुणाला कळता कामा नये. कळलं तर उद्यापासून बायका टोप्या मागायला यायच्या नाहीत. मला बघायला येतील.’ मी शपथ घेतली. आमच्या साल्हाची घेतली, जी पेंबा बेटावर सासरी असते आणि जिची शपथ मी एरवी घेत नाही. झुवेनाने मान हलवली आणि सुई उचलली. तिने दोरा ओवला तो न बघता, जिभेने सुईचं नेढं चाचपून, आणि ते पाहून मला भीती वाटली.

ही भीती नुसती तिच्या डोळ्यांची असती तर मी सहन केली असती. पण गुपित सांभाळायची भीती काही निराळीच असते. सरकारी गुपित कपाटात राहतं, बायकोचं गुपित आपल्याबरोबर चालतं. बाजारात मासळी घेताना ते बरोबर येतं, मशिदीत शेजारी उभं राहतं. दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत मी कसाबसा तग धरला. चार वाजता मी बराझ्यावर जातो. बराझा म्हणजे घराच्या भिंतीला लागून बांधलेला दगडी कट्टा. आमच्या गल्लीतला बराझा सकाळी म्हाताऱ्यांचा, दुपारी मांजरांचा आणि चारनंतर आमचा असतो. आमचा म्हणजे माझा, म्झे शामटेंचा आणि फाकीचा. म्झे म्हणजे वडीलधारे. म्झे शामटे बोटीच्या तिकीटखिडकीतून निवृत्त झालेले. सगळ्या जगाला आपण परवानगी दिली म्हणून ते हलतं, असा त्यांचा समज त्या खिडकीत झाला आणि पुढे तो गेला नाही. फाकी रेडिओ दुरुस्त करतो. निदान रेडिओ उघडतो तरी.

मला फक्त उपाय विचारायचा होता. यात गुपित फोडण्याचा प्रश्नच नव्हता, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं. मी म्हणालो, ‘माझ्या एका मित्राच्या बायकोला डोळ्याने धुरकट दिसतं म्हणे. काय करावं माणसाने?’

फाकीने कॉफीचा पेला खाली ठेवला. ‘तुझा मित्र? कुठला मित्र? तुझे मित्र आम्ही दोघं. माझी बायको मेली, आणि यांची माहेरी गेलीय ती नऊ वर्षं झाली.’

‘ऑफिसातला,’ मी म्हणालो.

मग उपायांची जी झड लागली ती सांजेच्या, मगरिबच्या अजानपर्यंत थांबली नाही. फाकीने रानमधाचा थेंब डोळ्यात घालायला सांगितला आणि त्याने एका माणसाचा डोळा कसा गेला हेही सांगितलं. समोरचा कॉफीवाला गाजर म्हणाला. जाता जाता थांबलेल्या एका माणसाने, ज्याला मी आजतागायत ओळखत नाही, दृष्ट काढायची पद्धत सांगितली. म्झे शामटेंनी सगळ्यांना हाताने थोपवलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात परदेशी डॉक्टरांचं शिबिर लागलंय, पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आहे, पैसा लागत नाही, फक्त शेहांचं पत्र लागतं. ‘तुझ्या त्या मित्राला सांग,’ ते म्हणाले, आणि ‘मित्र’ म्हणताना फाकीकडे पाहिलं. तेव्हाच मी गप्प घरी यायला हवं होतं. मी घरी आलोही, पण त्यांची शंका दूर करण्यासाठी त्या मित्राचं नाव, गाव आणि बायकोचं वय सांगूनच आलो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वय पुन्हा विचारलं, तेव्हा मी ते पाच वर्षांनी चुकवलं.

शेहा उसींचं कार्यालय म्हणजे त्यांची ओसरी. मी गेलो तेव्हा तिथे दहा-बारा माणसं होती: तीन जन्माच्या दाखल्यासाठी, दोन एका बोकडासाठी, बाकीची वेळ जायला. मागे शेहांची बायको बी किदावा, म्हणजे किदावाबाई, तांदूळ निवडत बसली होती. आणि शेहांची एक खोड आहे. ते लिहिताना मोठ्याने बोलतात, त्याशिवाय त्यांचा हात चालत नाही.

‘प्रमाणित करण्यात येते की,’ त्यांनी सुरुवात केली. ‘बोल. रोग्याचं नाव?’

ओसरी शांत झाली. बी किदावाचा तांदळातला हात थांबला. तिच्या मुलाची टोपी माझ्या घरात, झुवेनाच्या मांडीवर होती. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, ‘मीच.’

‘तू? तुला काय झालं? कुठला डोळा?’

‘दोन्ही,’ मी म्हणालो. एक म्हटलं असतं तरी चाललं असतं, हे मला बाहेर पडल्यावर सुचलं.

‘दोन्ही डोळे,’ शेहांनी मोठ्याने लिहिलं. शिक्क्याचं पॅड वाळलेलं होतं, म्हणून त्यावर थुंकी लावून तीन वेळा शिक्का मारला. तिन्ही वेळा तो उमटला, त्यामुळे माझे डोळे तीनपट गेल्यासारखे दिसत होते. बातमी माझ्याआधी ऑफिसात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांनी टेबलावर एक जुना, बारीक अक्षरांचा नकाशा पसरला आणि वाचायला सांगितलं. नीट वाचावं तर खोटारडा ठरतो, न वाचावं तर नोकरी जाते. मी निम्मा वाचला आणि निम्म्यात चाचपडलो. साहेबांनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, ‘हारूब, कुलपाला दिसलं नाही तरी चालतं, पण दप्तरवाल्याला दिसायला हवं.’ सव्वीस वर्षांत माझा असा अपमान झाला नव्हता, आणि तो मी बायकोसाठी गिळला. हे मी तिला तेव्हा सांगू शकलो नाही, कारण सांगायचं तर मुळापासून सांगावं लागलं असतं.

शिबिरात गेलो, कारण न जावं तर शेहा विचारणार. एका तरुण डॉक्टरीणबाईने माझ्या डोळ्यांत उजेड टाकला, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, आणि म्हणाली की या वयात इतके चांगले डोळे तिने पाहिले नाहीत. मी हळूच विचारलं, एका मित्राच्या बायकोला धुकं दिसतं. ती म्हणाली, मोतीबिंदू असेल, घेऊन या तिला, एका डोळ्याला अर्धा तास पुरतो. मी बाहेर आलो. उपाय आहे, अर्ध्या तासाचा आहे, फुकट आहे. आणि मी तो घरी जाऊन सांगू शकत नव्हतो. ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं तिने विचारलं असतं, की संपलंच.

त्याहून वाईट पुढे होतं. शिबिराचा नियम असा की तपासणीची एक प्रत परत शेहांकडे जाते, आणि शेहा वाचतानाही मोठ्यानेच वाचतात. ‘दोन्ही डोळे उत्तम,’ त्यांनी ओसरीवर वाचलं. आता ओसरीवरच्या बायका काही दप्तरखान्यातल्या नाहीत, पण त्यांना हिशेब येतो. हारूब डोळ्यांचं पत्र मागतो, हारूबचे डोळे उत्तम आहेत, हारूबच्या घरात दोनच माणसं आहेत.

त्या दिवसापासून गल्लीत कांगे बोलायला लागले.

आमच्याकडे बाई जो कांगा कमरेला आणि डोक्यावरून गुंडाळते, त्याच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं. आमच्या बायका तोंडाने भांडत नाहीत, तो असभ्यपणा समजतात. ज्या शेजारणीला जे सुनवायचं, ते वाक्य गुंडाळून तिच्या दारावरून दोनदा चकरा मारतात. मग ती आपल्या पेटीतून उत्तर काढते. अशी भांडणं दोन-दोन वर्षं चाललेली मी पाहिली आहेत, एक शब्द न उच्चारता.

पहिली आली बी म्वाका. पलीकडच्या घरातली, टोप्या तीही करते, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची ख्याती. निळा कांगा नेसून ती आमच्या दारासमोरून गेली, कोपऱ्यापर्यंत पोचली आणि परत आली. झुवेना पायरीवर बसली होती. तिने मान वर केली.

‘म्वाका ना ती? काय लिहिलंय हो तिच्या कांग्यावर? इथून नीट दिसत नाही.’

काठावर लिहिलं होतं: ‘सुई बोथट झाली की डबीत शोभते.’

मला घाम फुटला. मी म्हणालो, ‘लिहिलंय, शेजारीण चांगली असली की घराला कुलूप कशाला.’

‘असं होय,’ झुवेना म्हणाली. ती आत गेली, तिने पेटीतून ‘दार माझं उघडं, ये कधीही’ हा कांगा काढला, तो नेसली, आणि ताटलीभर गरम मांदाझी, आमच्या तळलेल्या गोड पुऱ्या, घेऊन म्वाकाच्या घरी गेली. मी खिडकीतून पाहत होतो. म्वाकाने ताटली घेतली, कांगा वाचला, आणि तिचं तोंड उघडं राहिलं. तिला वाटलं असणार, ही काहीतरी फार खोल बोलली. संध्याकाळी गल्लीत दोन तट पडले होते.

मग रोजचंच झालं. मी ऑफिसातून धावत घरी यायचो, कारण मी नसताना तिने दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितलं तर काय, या धास्तीने मला जेवण जात नव्हतं. शेहांच्या भाचीने ‘झाकलेलं भांडं वासाने कळतं’ नेसलं, ते मी ‘देवाने दिलं, सगळ्यांना पुरलं’ असं वाचलं. कॉफीवाल्याच्या बायकोचं ‘आंधळीचा दिवा शेजारी जळतो’ हे मी ‘दिवा लावा, पाहुणे येतील’ असं केलं. एवढी सुभाषितं मी शाळेतसुद्धा रचली नव्हती. सगळ्यात कठीण दिवस आला तो म्वाकाने लाल कांगा नेसला तेव्हाचा. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘नवरा गोड, तोंड चाळणी.’ मी वाचलं, ‘गोड नवरा हेच बाईचं भाग्य.’

‘खरंय,’ झुवेना म्हणाली, आणि टोपीवर वाकली.

बराझ्यावर जाणं मी सोडलं होतं, पण बराझा माझ्याकडे यायला लागला. फाकी यायचा आणि दारात उभा राहून विचारायचा, ‘तुझ्या मित्राची बायको कशी आहे?’ म्झे शामटे एकदा रानमधाची बाटली देऊन गेले, माझ्या मित्रासाठी. ती मी विहिरीमागे पुरली.

आणि एका सोमवारी निरोप आला. बी किदावा गुरुवारी दुपारी येणार, नवऱ्यामुलाची टोपी पाहायला. एकटी नाही, नात्यातल्या सात-आठ बायका घेऊन. पाहणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. टोपी नाकारली तर झुवेनाचं नाव त्या दुपारीच संपणार, आणि चाळीस वर्षं जिच्या हातांकडे गल्ली बघत आली ती बाई उद्यापासून भिंतीला टेकून बसणार. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. मंगळवारी मी आजारी पडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बुधवारी म्हटलं, आपण साल्हाकडे जाऊ, पेंब्याला, बोट सकाळची आहे. झुवेना म्हणाली, ‘टोपी पुरी झालीय. आता का पळायचं?’ बोलायला माझ्याकडे फक्त खरं उरलं होतं, आणि ते सांगायचं धैर्य नव्हतं.

गुरुवारी बायका आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत पडद्यामागे उभा होतो. पुरुषाने तिथे थांबू नये, मला ठाऊक आहे, पण मी थांबलो. सगळ्या चटईवर बसल्या. म्वाकाही आली होती. ती बोलावल्याशिवाय येते. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. मग बी किदावाने पिशवीतून एक सुई आणि दोऱ्याची गुंडी काढून झुवेनासमोर ठेवली.

‘एवढा कडेचा टाका आमच्या देखत घाल,’ ती म्हणाली. ‘शकुनाचा.’

आमच्याकडे असा कुठलाही शकुन नाही. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पडद्यामागे मी कुराणातलं जे येतं ते सगळं म्हणायला लागलो.

झुवेनाने सुईला हात लावला नाही. तिने टोपी उचलून बी किदावाच्या मांडीवर ठेवली. ‘बी किदावा,’ ती म्हणाली, ‘माझा उजवा डोळा गेलाय. डावा जातोय. ही टोपी मी बोटांनी केलीय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आपल्या गल्लीला हे महिनाभर माहीत आहे, मला आज सांगायला मिळालं. टोपी हातात घ्या. खोट सापडली तर इथेच ठेवून जा, मी एक शब्द बोलणार नाही.’

टोपी एकेकीच्या हातून फिरायला लागली. कुणी ती उजेडाकडे धरली, कुणी उलटी केली, एकीने वास घेतला. सगळ्यात जास्त वेळ ती म्वाकाच्या हातात राहिली. तिने नख फिरवत एकेक ओळ तपासली, डोळे मिटून, जसं फक्त टोपी करणारीच तपासते. म्वाकाने टोपी बी किदावाला परत दिली आणि म्हणाली, ‘यात मला काही सापडलं नाही.’

बी किदावाने टोपी डोक्याला लावली, मग पिशवीत ठेवली. सुई मात्र ती विसरून गेली, किंवा मुद्दाम ठेवून गेली.

बायका गेल्यावर मी पडद्याबाहेर आलो. झुवेना चटई गुंडाळत होती. मी म्हणालो, ‘तुला महिनाभर माहीत होतं?’

‘पहिल्या दिवसापासून. निळ्यावर काजूची नक्षी होती ना म्वाकाच्या कांग्याला? तो गेल्या ईदला दाराजानीच्या बाजारात आला होता. मीच हातात घेऊन, वाचून परत ठेवला होता. कांगे मी अक्षरांनी ओळखत नाही, साल्हाचे बाबा. रंगाने ओळखते, काठाने ओळखते. तेवढं मला अजून दिसतं.’

‘मग मला वाचायला का सांगायचीस?’

‘तुम्ही कधी खरं सांगता ते बघायला.’ तिने चटई भिंतीला उभी केली. ‘आणि म्वाकाला मांदाझी नेली ती भांडण वाढू नये म्हणून. गोड नवरा हेच बाईचं भाग्य.’ हे म्हणताना ती हसली, आणि त्या हसण्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्याच कांग्याने वाटली नव्हती.

मी सगळं सांगायला लागलो: शिबिर, डॉक्टरीण, मोतीबिंदू, अर्धा तास, फुकट, मी तुझ्या भल्यासाठीच. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘मला औषध नको होतं,’ ती म्हणाली. ‘औषध मी शोधलं असतं. मला कुणालातरी सांगायचं होतं. एकालाच.’

मी ती उभी चटई उगाच पुन्हा सरळ केली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेहांच्या ओसरीवर गेली. शेहांनी मोठ्याने लिहिलं आणि तिने मान ताठ ठेवून ऐकलं. शिबिर संपायच्या आदल्या दिवशी तिच्या उजव्या डोळ्याचं काम झालं. डावा अजून पिकायचा होता, तो पुढल्या खेपेला. पट्टी काढली तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘किती पिकलात हो.’ मला रडू आलं. डॉक्टरीणबाईला वाटलं, मी आनंदाने रडतोय.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं कमी झालं असं नाही. उलट वाढलं. आज पापलेट महाग होतं, नळाला पाणी उशिरा आलं, साल्हाच्या पोराला दात आला. जे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं ते ती मला रोज न चुकता सांगायची. मी ऐकायचो आणि वाट बघायचो. कधीकधी ती टोपी खाली ठेवायची, माझ्याकडे बघायची, ओठ हलायचे, आणि मग म्हणायची, ‘कसावा आणायचाय उद्या.’ मी कसावा आणायचो. असं वर्षभर चाललं. म्हणे संसारात गोडवा म्हणजे बोलणं. आमच्याकडे बोलणं एवढं होतं की शेजारी हेवा करत.

पुढच्या वर्षी एका मंगळवारी मी ऑफिसातून तीनला घरी आलो, तर दाराला कुलूप. झुवेना कधी न सांगता बाहेर जात नाही. शेजारी विचारलं, कुणाला माहीत नाही. बराझ्यावर विचारलं, म्झे शामटेंनाही माहीत नाही, आणि ज्या दिवशी म्झे शामटेंना एखादी गोष्ट माहीत नसते त्या दिवशी घाबरायलाच हवं. मी बाजारात गेलो, मशिदीपर्यंत जाऊन आलो, विहिरीतसुद्धा वाकून पाहिलं. माझ्या मनात काय काय आलं ते मी सांगत नाही. पाचच्या सुमाराला कोपऱ्यावर दालादाला थांबली, आणि त्या गाडीतून झुवेना उतरली. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि हात बी म्वाकाच्या खांद्यावर.

म्वाकाने तिला दारापर्यंत आणलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता आपल्या घरी गेली. तिने त्या दिवशी साधा, वाक्य कसलंही नसलेला कपडा नेसला होता.

झुवेनाला पलंगावर बसवल्यावर मी विचारलं, ‘किती दिवस ठरलं होतं हे?’

‘तीन आठवडे.’

‘आणि तिला ठाऊक होतं? म्वाकाला? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही?’

‘साल्हाचे बाबा, त्या लग्नाच्या टोपीत दोन भोकं चुकली होती. मागच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत. माझ्या बोटांना ते आधीच लागलं होतं, पण उसवायला वेळ नव्हता. म्वाकाचं नख तिथे आलं, थांबलं आणि पुढे गेलं.’ ती उशीला टेकली. ‘त्यानंतर आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. तुम्हालाही नाही.’

मी पलंगाच्या कडेवर बसलो. मला राग यायला हवा होता, आला नाही. वाटली ती लाज, आणि तिच्याखाली ही भीती की आता हे असंच राहणार. या घरातली बातमी मला नेहमी पट्टी बांधून झाल्यावर कळणार.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. म्झे शामटे आणि फाकी. मागे कॉफीवालाही होता, हातात किटली घेऊन, म्हणजे बसायच्या तयारीने आला होता.

‘बी झुवेनाच्या डोळ्याला काय झालं म्हणे?’ फाकीने आत डोकावत विचारलं. ‘पट्टी दिसली म्हणतात. दुसराही गेला का?’

‘झोपलीय,’ मी म्हणालो.

‘पण काय झालं तरी काय? आम्ही काही परके आहोत का?’

तोंडावर सगळं आलं होतं. डॉक्टरीण, पट्टी, म्वाका, ती दोन भोकं. विशेषतः ती दोन भोकं. म्झे शामटेंना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला आठवडाभर बराझ्यावर मधल्या जागी बसवलं असतं.

‘झोपलीय, म्झे,’ मी पुन्हा म्हणालो.

ते थोडा वेळ उभे राहिले. माझ्या दारातून बातमीशिवाय परत जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मग फाकी काहीतरी पुटपुटला आणि तिघं गेले. मी दाराला आतून कडी घातली.

आतून झुवेनाचा आवाज आला. ‘गेले?’

‘गेले.’

‘मग तिथे का उभे आहात? इथे येऊन बसा.’

मी जाऊन बसलो. तिने माझा हात चाचपून हातात घेतला. तिने काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.